बोट रात्री चालते, आपण दिवसा: नांदगाव खंडेश्वरहून भूमध्य समुद्राची सहल

वऱ्हाडचा कापूस वऱ्हाडी माणसाच्या आधी भूमध्य समुद्रात पोहोचला. १८६९ साली सुवेझ कालवा खुला झाला आणि मुंबईच्या गोदीत चढलेल्या गाठी आफ्रिकेला वळसा न घालता त्या समुद्रातून युरोपात उतरू लागल्या. पुढं त्याच वाटेनं शिकायला जाणारी पोरं निघाली. नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या पापळचे पंजाबराव देशमुख १९२० साली विलायतेला गेले, तेव्हा विमानाचा प्रश्नच नव्हता. मुंबईला बोटीत बसायचं, एडन, सुवेझ, पोर्ट सैद करत भूमध्य समुद्रात शिरायचं आणि पलीकडं उतरायचं, हीच विलायतेची रीत होती.

तेव्हा बोट पोहोचण्यासाठी होती. आता ती सुटीसाठी आहे. प्रवासी जिथं चढतात तिथंच सात रात्रींनी उतरतात, आणि मधल्या काळात तीन-चार देशांतली पाच-सहा बंदरं पाहून होतात. ‘सात रात्री, चार देश’ अशा जाहिराती आता अमरावतीतही दिसतात. त्यातली किंमत मोठ्या अक्षरात असते आणि उरलेलं सगळं बारीक अक्षरात. समजा, नांदगावातल्या एका निवृत्त शिक्षक जोडप्याला ही सहल करायची आहे. त्यांना पासपोर्टपासून परतीच्या विमानापर्यंत काय काय करावं लागेल, ते क्रमानं पाहू.

फेरा कसा ठरतो

या सहलीचं सूत्र साधं आहे: बोट रात्री चालते आणि दिवसा बंदरात उभी राहते. मोठी प्रवासी बोट १८ ते २० नॉट, म्हणजे ताशी साधारण ३५ किलोमीटर वेगानं जाते. संध्याकाळी सहाला निघून सकाळी आठला पोहोचायचं तर चौदा तासांत पाचशे किलोमीटरच्या आसपास पल्ला मारता येतो. भूमध्य समुद्रात बंदरं एकमेकांपासून इतक्याच अंतरावर दाटीनं वसलेली आहेत, म्हणून हा धंदा तिथं फोफावला. दुसरी सोय भरती-ओहोटीची. मुंबईत पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं. भूमध्य समुद्रात बहुतेक ठिकाणी हा फरक काही सेंटिमीटरांचा. बोटीला भरतीची वाट पाहत ताटकळावं लागत नाही, त्यामुळे वेळापत्रक पाळता येतं.

एक खरा फेरा घेऊ. ‘एमएससी वर्ल्ड युरोपा’ ही ३३३ मीटर लांबीची बोट २०२२ साली बांधून झाली. २०२३ च्या उन्हाळ्यात तिनं दर आठवड्याला जेनोआ, नेपल्स, मेसिना, माल्टाचं व्हॅलेटा, बार्सिलोना, मार्सेय आणि पुन्हा जेनोआ असा फेरा केला. यात बंदरं सहा आणि रात्री सात. एक पूर्ण दिवस समुद्रातच जातो, कारण व्हॅलेटा ते बार्सिलोना हे अंतर बाराशे किलोमीटरहून जास्त आहे आणि ते एका रात्रीत संपत नाही. फेरे दर हंगामात बदलतात, पण घडण हीच राहते.

एमएससी आणि कोस्टा या कंपन्यांच्या बोटींवर आणखी एक सोय असते. फेऱ्यातल्या बहुतेक बंदरांत नवे प्रवासी चढतात आणि जुने उतरतात. म्हणजे जेनोआलाच चढलं पाहिजे असं नाही. फेऱ्यात रोम असेल आणि विमान तिथलं स्वस्त मिळालं तर रोमच्या बंदरातून चढावं, बार्सिलोनाला मिळालं तर तिथून. गोल तोच, सुरुवात आपली.

फेऱ्याचे मोटामोटी दोन भाग आहेत. पश्चिमेचा इटली, फ्रान्स, स्पेन, माल्टा. पूर्वेचा ग्रीसची बेटं, तुर्कस्तान, क्रोएशिया, माँटेनेग्रो. पहिल्यांदा जाणाऱ्यानं पश्चिमेचा घ्यावा. शहरं मोठी, रेल्वे चांगली, आणि कागदाच्या दृष्टीनं सारे देश एकाच व्हिसात बसणारे.

जाहिरातीतलं शहर आणि खरं बंदर

पत्रकावर ‘रोम’ लिहिलेलं असतं. बोट लागते चिविताव्हेकियाला, रोमपासून सुमारे ८० किलोमीटरवर. ‘फ्लॉरेन्स’ म्हणजे लिव्होर्नो किंवा ला स्पेझिया, तिथूनही बस-रेल्वेचा दीड-दोन तासांचा पल्ला. ‘अथेन्स’ म्हणजे पिरियस, हे मात्र शहराला लागूनच. व्हेनिसची गोष्ट सगळ्यात निराळी. २०२१ च्या ऑगस्टपासून मोठ्या बोटींना शहराच्या ऐन मधल्या कालव्यातून जायला बंदी झाली. आता ‘व्हेनिस’च्या नावाखाली काही बोटी मार्गेराला लागतात, काही ट्रिएस्टेला, तर काही रावेन्नाला. धामणगाव रेल्वेला उतरवून पाटीवर अमरावती लिहावं, तसा हा प्रकार.

म्हणून बुकिंगच्या आधी प्रत्येक दिवसापुढं तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: बंदराचं खरं नाव, बोट लागण्याची आणि सुटण्याची वेळ, आणि बंदरापासून आपल्याला पाहायच्या जागेपर्यंतचं अंतर. नेपल्स, मेसिना, व्हॅलेटा इथं बोटीतून उतरलं की शहर समोरच. गुडघे दुखणाऱ्यांसाठी असली बंदरं जास्त असलेला फेरा सोयीचा. सँटोरिनीला तर धक्काच नाही. मोठी बोट खोल पाण्यात उभी राहते, लहान होड्यांनी किनाऱ्यावर नेतात, आणि वरच्या गावात जायला केबल कारची रांग किंवा शेकडो पायऱ्या. शिवाय ग्रीसनं २०२५ च्या जुलैपासून सँटोरिनी आणि मिकोनोसला बोटीनं येणाऱ्यांवर ऐन हंगामात माणशी २० युरो कर लावला आहे.

कधी जावं

हंगाम एप्रिल ते ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये युरोपातल्या शाळांना सुट्या असतात. तेव्हा दर चढे, गर्दी मरणाची आणि रोमला ऊन चाळिशीला टेकतं. एजियन समुद्रात याच दिवसांत मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा जोरात वाहतो आणि ग्रीसच्या बेटांवरचा एखादा थांबा ऐनवेळी रद्द होतो.

वऱ्हाडच्या माणसाला मे महिना फिट बसतो. तूर-हरभरा घरात आलेला असतो, विकून झालेला असतो, आणि मिरगाला अजून वेळ असतो. इकडं पारा पंचेचाळिशीला, तिकडं वीस-पंचविशीत. समुद्रात पोहायला मात्र पाणी मेमध्ये गार लागतं. ज्यांना पोहायचंच आहे त्यांना सप्टेंबर चांगला, पण तेव्हा सोयाबीनची सोंगणी तोंडावर आलेली असते. कास्तकाराला तो महिना सोडवत नाही.

कागद

सगळ्यात जास्त वेळ इथं जातो, म्हणून सुरुवात इथूनच.

पासपोर्टसाठी आता नागपूरच्या खेपा घालाव्या लागत नाहीत. अमरावतीच्या पोस्टात पासपोर्ट सेवा केंद्र आहे, कारभार नागपूरच्या प्रादेशिक कार्यालयाचा. दहा वर्षांच्या ३६ पानी पासपोर्टची फी १,५०० रुपये. आधार, पॅन आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव एकच आहे ना, हे अर्ज भरण्याआधी तपासावं. वडिलांचं नाव कुठं पूर्ण, कुठं आद्याक्षर. लग्नानंतर आडनाव एका कागदावर बदललेलं, दुसऱ्यावर नाही. बहुतेकांचं गाडं इथंच अडतं.

मग शेंगेन व्हिसा. इटली, फ्रान्स, स्पेन, माल्टा, ग्रीस आणि २०२३ पासून क्रोएशिया या सगळ्यांना एकच व्हिसा चालतो. फी मोठ्यांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना त्याच्या निम्मी; वर केंद्राचा सेवाआकार. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. उन्हाळ्याच्या तोंडावर भेटीची तारीखच मिळत नाही, तेव्हा या पंधरा दिवसांच्या भरवशावर राहू नये. बोटांचे ठसे देण्यासाठी स्वतः जावं लागतं. ते जवळपास पाच वर्षं चालतात, म्हणून पुढच्या वेळी ही खेप वाचू शकते.

अर्ज कुठल्या देशाकडं करायचा? ज्या देशात जास्त दिवस, त्याच्याकडं. दिवस सारखेच येत असतील तर ज्या देशात आधी पाय ठेवणार त्याच्याकडं. वर सांगितलेल्या फेऱ्यात जेनोआ, नेपल्स, मेसिना अशी तीन बंदरं इटलीची, म्हणून अर्ज इटलीकडं.

पूर्वेचा फेरा घेणाऱ्यांनी एक सापळा ओळखून असावं. तुर्कस्तान, माँटेनेग्रो, अल्बेनिया, ट्युनिशिया हे देश शेंगेनमध्ये नाहीत. बोट ग्रीसहून तुर्कस्तानच्या कुशादासीला गेली आणि परत ग्रीसला आली, की शेंगेनमध्ये आपला दुसरा प्रवेश झाला. व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर पंचाईत. अशा फेऱ्याला बहुप्रवेशी व्हिसाच मागावा, आणि मधल्या देशाचा नियम वेगळा पाहावा.

सोबत लागतं ते असं: निदान ३०,००० युरो संरक्षणाचा प्रवासी आरोग्य विमा, जाण्या-येण्याच्या विमानाचं आरक्षण, बोटीच्या बुकिंगचा कागद, आधी-नंतरच्या मुक्कामाचं हॉटेल, आणि ‘हा माणूस परत येईल’ हे पटवणारे पुरावे. पासपोर्टची मुदत परतीनंतर निदान तीन महिने शिल्लक हवी आणि त्यात दोन पानं कोरी. नोकरदाराला पगारपत्रक आणि रजेचं पत्र, निवृत्ताला पेन्शनचा आदेश. कास्तकाराची अडचण अशी की शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून पुष्कळांकडं विवरणपत्रच नसतं. त्यांनी सात-बारा आणि आठ-अ, बाजार समितीत माल विकल्याच्या पट्ट्या, आणि त्या पट्ट्यांची रक्कम ज्यात जमा झाली त्या बँक खात्याचा उतारा असा एकमेकांना धरून असलेला गठ्ठा करावा. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर सोबत जोडावं. अर्जाच्या आठ दिवस आधी खात्यात एकदम चार लाख येऊन पडले, की शंका येते. पैसा सावकाश जमलेला दिसला पाहिजे.

खोली आणि खर्च

बोटीवरच्या खोलीला केबिन म्हणतात. चार प्रकार: आतली, म्हणजे खिडकी नसलेली, समुद्राकडं बंद खिडकी असलेली, बाल्कनीची, आणि मोठी स्वीट. आतल्या केबिनचा दर सगळ्यात कमी. दिवसभर बाहेर भटकून रात्री फक्त पाठ टेकायची असेल तर ती पुरते, पण दिवा मालवला की दिवस-रात्र कळत नाही. ज्यांचा जीव कोंडतो त्यांनी घेऊ नये. ज्यांना समुद्र लागतो त्यांनी बोटीच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावर केबिन मागावी. डुलणं सगळ्यात कमी तिथंच. सगळ्यात जास्त पुढच्या टोकाला आणि वरच्या मजल्यावर.

दर माणशी असतो, तोही एका केबिनमध्ये दोघं धरून. एकट्यानं जायचं तर दुसऱ्या माणसाचे पैसेही थोडेफार भरावे लागतात. दरात येतं ते केबिन, साधं जेवण, कार्यक्रम आणि प्रवास. न येणाऱ्या गोष्टी अशा:

बंदर शुल्क आणि कर, काही जाहिरातींत वेगळे दाखवलेले. रोजचा सेवाआकार, माणशी दर रात्री साधारण दहा ते पंधरा युरोंच्या घरात. तो आपोआप खात्यात चढतो. बाटलीबंद पाणी, शीतपेयं, दारू, खास उपाहारगृहं. इंटरनेट. प्रत्येक बंदरातली सहल. डॉक्टर, कारण बोटीवर दवाखाना असतो, पण फुकट नसतो. विमान, व्हिसा, विमा, आदल्या रात्रीचं हॉटेल. हे सगळं मांडलं की जाहिरातीतला आकडा दुपटीच्या पुढं गेला तरी दचकू नये. आधी मांडणी करावी, मग बुकिंग.

आणखी एक कपात इथंच, भारतात होते. परदेशी सहलीचं पॅकेज विकणारी कंपनी आपल्या पॅनवर टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच आगाऊ घेतला जाणारा आयकर, कापते. याचे दर आणि मर्यादा अर्थसंकल्पांत बदलत आल्या आहेत, म्हणून चालू दर बुकिंगच्या दिवशी विचारावा. हा पैसा बुडत नाही, आयकराच्या हिशेबात वळता होतो किंवा परत मिळतो. पण परत मिळवायला विवरणपत्र भरावं लागतं. ज्यांनी आजवर कधी भरलं नाही त्यांनी त्या वर्षी तरी भरावं.

नांदगाव ते बंदर

मुंबई गाठायला तीन वाटा. बडनेरा किंवा अमरावतीहून रात्रीची रेल्वे. तालुक्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गानं गाडी. नाही तर अमरावतीचं बेलोरा विमानतळ, जिथून २०२५ च्या एप्रिलात मुंबईचं विमान सुरू झालं. ते विमान लहान आहे, फुकट सामानाची मर्यादा परदेशी विमानापेक्षा कमी असते; दोन्हींतली लहान मर्यादा धरून बॅग भरावी.

बोटीच्या दिवशीच सकाळी युरोपात उतरायचा हिशेब कधीही करू नये. विमान चार तास उशिरा आलं तर विमान कंपनी दुसरं विमान देईल, बोट मात्र थांबणार नाही. निदान एक रात्र आधी पोहोचावं. २०२५ च्या ऑक्टोबरपासून युरोपच्या सीमेवर नवी नोंदणी पद्धत सुरू झाली आहे. पहिल्या प्रवेशाला तिथं चेहऱ्याचा फोटो घेऊन नोंद करतात, त्यामुळे रांगेला वेळ लागतो.

घरचं खायला न्यायचं तर नियम पाहून. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला मनाई आहे. म्हणजे पेढा, खवा, तूप घरीच ठेवावं. ताजी फळंही प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. केळी, नारळ, खजूर, अननस आणि ड्युरियन एवढ्या पाच फळांना सूट आहे, आपल्या संत्र्याला नाही. जवसाची चटणी, मेतकूट, चिवडा अशी कोरडी, पाकीटबंद वस्तू नेता येते. विजेची किटली किंवा इस्त्री मात्र बोटीवर काढून ठेवतात. आग ही बोटीवरची सगळ्यात मोठी धास्ती.

चढण्याचा दिवस

बुकिंगसोबत बॅगांना लावायच्या पट्ट्या मिळतात. त्यांवर केबिनचा क्रमांक असतो. त्या छापून बॅगांना बांधायच्या. बंदरावर हमाल बॅगा ताब्यात घेतात आणि त्या संध्याकाळपर्यंत केबिनच्या दारात येऊन पडतात. मधले चार-पाच तास आपल्याजवळ बॅग नसते. औषधं, चष्मा, पासपोर्ट आणि एक जोड कपडे हातातल्या पिशवीत हवेत. मधुमेहाच्या गोळ्या मोठ्या बॅगेत गेल्या की दुपारचं जेवण पुढ्यात असून खोळंबतं.

पुढं विमानतळासारखी तपासणी, फोटो, आणि हातात एक कार्ड. हे कार्ड म्हणजे केबिनची किल्ली, बोटीवरचं पाकीट आणि उतरण्या-चढण्याचा पास. बोटीवर रोख चालत नाही. चहापासून टोपीपर्यंत सगळं कार्डावर चढतं आणि शेवटच्या दिवशी आपल्या क्रेडिट किंवा फॉरेक्स कार्डातून वळतं होतं. काही कंपन्या बिगरयुरोपीय प्रवाशांचे पासपोर्ट स्वतःकडं ठेवून घेतात. अशा वेळी त्याची छायाप्रत खिशात असावी.

सुटण्याआधी एक काम सक्तीचं: संकटकाळाची कवायत. सात लहान भोंगे आणि एक लांब भोंगा हा इशारा. तो झाला की कार्डावर लिहिलेल्या जागी जमायचं, जीवरक्षक जाकीट कसं घालायचं ते पाहायचं. पूर्वी ही कवायत चढल्यापासून चोवीस तासांत केली तरी चालायचं. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री ‘कोस्टा काँकॉर्डिया’ इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकाला घासून कलंडली आणि ३२ जण गेले. त्याच संध्याकाळी चढलेल्या कित्येकांची कवायत व्हायची होती. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला आणि १ जानेवारी २०१५ पासून कवायत सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घेणं बंधनकारक झालं. ती चुकवून चहा पीत बसू नये.

बोटीच्या पोटात

हजारो माणसांना आठवडाभर लागणारं गोडं पाणी टाकीत भरून नेणं परवडत नाही. बोट समुद्राचं पाणी ओढते, इंजिनाच्या उष्णतेवर त्याची वाफ करून ती थंड करते, किंवा दाबानं बारीक पडद्यातून गाळते. शौचालय हवेच्या ओढीवर चालतं, म्हणून एका वेळी पाणी अगदी थोडं लागतं. पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखासारखी पाती असतात. लाटेनं बोट एका अंगाला झुकू लागली की ती कोन बदलून तिला सावरतात. म्हणून साध्या हवेत बोट हलते हे कळतही नाही. इंधनाचे नियमही कडक झालेत. १ मे २०२५ पासून साऱ्या भूमध्य समुद्रात ०.१ टक्क्याहून जास्त गंधकाचं इंधन जाळता येत नाही. वर्ल्ड युरोपासारख्या नव्या बोटी द्रवरूप नैसर्गिक वायूवर चालतात.

पहाटे जाग आली तर बाल्कनीत किंवा वरच्या मजल्यावर जाऊन बंदरात शिरण्याचा सोहळा पाहावा. समोरून एक लहान मोटारबोट येते, बोटीच्या अंगाला चिकटून तिच्याच वेगानं धावू लागते. बोटीच्या बाजूला पाण्याजवळ एक दार उघडतं, दोरीची शिडी सुटते आणि जाकीट घातलेला एक माणूस धावत्या होडीवरून शिडी पकडून वर चढतो. तो त्या बंदराचा वाटाड्या. कप्तान कितीही जुना असो, बंदराचा तळ आणि प्रवाह तोंडपाठ असलेला माणूस तोच. मग पुढच्या टोकाखालचे आडवे पंखे सुरू होतात, पाणी घुसळून निघतं आणि तीनशे मीटरची बोट धक्क्याला आडवी सरकत जाऊन टेकते.

जेवणाचं म्हणाल तर उपाशी राहायची वेळ येत नाही, पण तिखटाची सवय असलेल्याला तिसऱ्या दिवशी जीभ कंटाळते. शाकाहारी किंवा जैन जेवण हवं तर बुकिंगच्या वेळीच लिहून द्यावं आणि पहिल्या संध्याकाळी जेवणघराच्या प्रमुखाला पुन्हा सांगावं. पास्ता, पिझ्झा, भाज्या, फळं मुबलक. सूप आणि सॉसमध्ये मात्र मासळी किंवा मांसाचं पाणी असू शकतं, विचारून घ्यावं. वाढणाऱ्यांत गोव्याचा, कोकणाचा किंवा मुंबईचा पोरगा निघण्याची शक्यता बरीच. त्या भागातल्या कित्येक घरांत बोटीवरची नोकरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. मराठीत हाक मारून पाहावी.

मोबाइल बोट सुटताना विमान मोडवर टाकावा. समुद्रात तो बोटीच्या उपग्रह जाळ्याला जोडला जातो आणि नेहमीच्या रोमिंग पॅकमध्ये ते बसतंच असं नाही. नातवाशी दहा मिनिटं बोलल्याचं बिल महिनाभर आठवत राहतं. बंदरात उतरल्यावर बोलावं.

बंदरातला दिवस

या सहलीत सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे घड्याळ. बोट सुटायच्या अर्धा-एक तास आधी ‘सगळे आत’ अशी वेळ असते. ती रोजच्या पत्रकावर आणि उतरण्याच्या दारापाशी लिहिलेली असते. ती बोटीची वेळ. मोबाइल कधी शेजारच्या देशाची वेळ दाखवतो, म्हणून मनगटी घड्याळ बोटीशी लावून ठेवावं.

रोमचा दिवस मांडून पाहू. बोट सकाळी आठला लागली. उतरून बंदराच्या फाटकापर्यंत शटल बस आणि तिथून स्टेशन, यात नऊ-सव्वानऊ. रोमची लोकल सव्वा तासाच्या आसपास घेते, साडेदहा-अकराला शहरात. संध्याकाळी सातला बोट सुटणार तर ‘सगळे आत’ सव्वासहा-साडेसहाला. चुकलेल्या एका गाडीची जागा ठेवायची तर रोमहून साडेतीनला निघालं पाहिजे. हातात उरले साडेचार तास. यात कोलोसियम किंवा व्हॅटिकन, दोहोंपैकी एक. तेही तिकीट घरूनच काढलेलं असेल तर. बार्सिलोनाच्या साग्रादा फामिलियाचंही तसंच. ठरलेल्या वेळेचं तिकीट आधी काढलं नाही तर बाहेरून पाहून परतावं लागतं.

बोटीकडून घेतलेली सहल महाग पडते, पण ती बस उशिरा आली तर बोट थांबते किंवा पुढची सोय कंपनी करते. स्वतःच्या हिमतीवर गेलात आणि उशीर झाला तर बोट निघून जाते. पुढचं बंदर स्वतःच्या खर्चानं गाठायचं. म्हणून लांबच्या बंदरात बोटीची सहल, आणि शहराला लागलेल्या बंदरात स्वतःची भटकंती, असं ठरवावं. नेपल्सला पाँपेईची लोकल पस्तीस-चाळीस मिनिटांची. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडलेलं हे गाव दोन-अडीच तासांत निवांत बघता येतं. व्हॅलेटात बंदरातून लिफ्टनं थेट तटबंदीवरच्या बागेत जाता येतं.

मार्सेयला बहुतेकांना कॅथेड्रल दाखवतात. मराठी प्रवाशाला तिथं आणखी एक ठिकाण ठाऊक असतं: समुद्रच. ८ जुलै १९१० रोजी ‘मोरिया’ बोटीच्या गवाक्षातून विनायक दामोदर सावरकरांनी उडी घेतली ती याच बंदरात. फ्रान्सच्या भूमीवर त्यांना पकडून परत ब्रिटिशांच्या हवाली केल्याचा वाद हेगच्या लवादापुढं गेला आणि फेब्रुवारी १९११ मध्ये निकाल ब्रिटनच्या बाजूनं लागला. आजचा प्रवासी धक्का जुन्या बंदरापासून बराच उत्तरेला आहे. शहरात जायला बस लागते, तिची परतीची शेवटची वेळ आधी पाहावी.

उतरण्याची रात्र

शेवटच्या संध्याकाळी केबिनमध्ये रंगीत पट्ट्या येतात. मोठ्या बॅगांना त्या बांधून रात्री दाराबाहेर ठेवायच्या. सकाळी त्या बंदरावर त्या-त्या रंगाच्या रांगेत सापडतात. सकाळचे कपडे बाहेर ठेवायला विसरू नये; सगळं बॅगेत गेलं तर रात्रीच्या पायजम्यात उतरावं लागेल. बिल त्याच रात्री नीट वाचावं. चुकीची नोंद असेल तर स्वागतकक्षात लगेच सांगावं; घरी आल्यावर पत्रव्यवहार लांबतो. केबिन सकाळी आठ-नऊपर्यंत सोडावी लागते. परतीचं विमान दुपारी उशिराचं घ्यावं.

कुणी जावं, कुणी थांबावं

रोज बॅग भरून हॉटेल बदलण्याचा कंटाळा आलेल्यांना, म्हाताऱ्या आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्यांना, तीन पिढ्या एकत्र निघालेल्या घरांना ही सहल मानवते. ज्याला दुपारी दमायला होतं तो बोटीवर परत येऊन पडू शकतो, बाकीचे फिरतात. पण एखाद्या शहरात संध्याकाळ काढायची, गल्लीबोळ हिंडायचे, तिथल्या माणसांत बसायचं अशी हौस असेल तर ही सहल नाही. जिथं रंग भरायला लागतो त्या वेळी बोट सुटते. अशांनी तेवढ्याच पैशात इटलीतली दोनच शहरं रेल्वेनं करावीत.

समुद्र लागतो की नाही हे ठाऊक नसेल तर आधी घरच्या समुद्रात परीक्षा घ्यावी. कॉर्डेलिया कंपनीची बोट २०२१ पासून मुंबईहून गोवा, लक्षद्वीपकडं फेऱ्या करते. दोन रात्रींचा फेरा करून पाहिला की केबिन, कार्ड, कवायत सगळं कळतं, आणि पासपोर्टही लागत नाही.

ज्यांचं ठरलं त्यांनी मेच्या प्रवासाचं काम दिवाळीला हाती घ्यावं. दिवाळीत पासपोर्ट आणि नावांची जुळवाजुळव. डिसेंबरात फेरा आणि केबिन ठरवून बुकिंग. व्हिसा नाकारला गेला तर किती पैसे परत मिळतील हे तेव्हाच लेखी घ्यावं. जानेवारीत बाजार समितीच्या पट्ट्या, बँकेचा उतारा आणि भाषांतरं. फेब्रुवारीत व्हिसाचा अर्ज. मार्चमध्ये कोलोसियमसारख्या तिकिटांवर लक्ष. एप्रिलमध्ये डॉक्टरांकडून औषधांची इंग्रजी चिठ्ठी आणि मळमळीची गोळी. आणि परत आल्यावर जुलैत आयकराचं विवरणपत्र, कारण टीसीएसचे पैसे मागितल्याशिवाय परत येत नाहीत.